नमुना क्रमांक सात

टेबलावर सात फरशा. सातही पांढऱ्या.
कॅटलॉगात त्यांची नावं: शिंपला, धुकं, सांडणीचं दूध.
मला दिसतात ताक, पेज, निवळलेला चुना,
आणि सातवी म्हणजे
पीठ सांडल्यावर घाईत पुसलेली जमीन.

शेरीफ म्हणतो, निळा आता जुनाट वाटतो.
देऱ्याच्या पोटातलं हे स्टेशन सतरा वर्षांचं.
आमच्या गडहिंग्लजात सतरा वर्षांची वस्तू
अजून पाहुण्यांपुढेच निघते.
इथे तिच्यावर बैठक बसते.

रोवेना निळ्याच्या बाजूची.
वर अठ्ठेचाळीस अंश, खाली उतरणाऱ्याच्या डोळ्यांना
काहीतरी गार लागतं, म्हणते.
शेरीफ म्हणतो, गारव्यासाठी एसी आहे.
मग बाकांचा विषय निघतो.
बाक ठेवले तर लोक झोपतात.
नाही ठेवले तर पायऱ्यांवर झोपतात, मी म्हणतो,
आणि सगळे माझ्याकडे बघतात,
कारण मी इथे फक्त मोजमापाला आहे.

मैथा मघापासून गप्प. शेवटचा शब्द तिचा.
पहिल्या डिझाइनची टिपणी ती मोठ्याने वाचते:
भिंती निळ्या, मोती काढणाऱ्यांच्या स्मरणार्थ.
कागद खाली ठेवते.
माझे आजोबा बुडी मारायचे, म्हणते,
त्यांना विचारलं होतं मी लहानपणी.
खाली निळं नसतंच म्हणाले. काळं असतं. आणि कान दुखतात.

यावर कुणी काय बोलणार.
शेरीफने पाण्याची बाटली उघडली, परत बंद केली.

रात्री एकला शेवटची गाडी गेली,
रुळातली वीज तोडल्याचा निरोप आला,
आणि आम्ही तिसऱ्या खांबामागची फरशी काढली,
नमुना लावून बघायला.
हा खांब माझ्या ओळखीचा. तेव्हा मी सुपरवायझर होतो,
केस होते, आणि दोन मिलिमीटरवरून
माणसांना ओरडायचो.

फरशीमागे सिमेंटवर करवती थापीच्या रेघा,
नुकती फणी फिरवल्यासारख्या.
एका कडेला, जिथे थापी पोचली नव्हती,
सुताराच्या पेन्सिलीने मांडलेला हिशोब:
आठशे.
खाली आठशे.
रेघ.
रेघेखाली आठशे.

मी मोठ्याने हसलो. आठ नि आठ सोळा,
सहा खाली, हातचा एक. तो गेला कुठे?
असल्या हिशोबाच्या माणसाकडून
मी सरळ भिंत बांधून घेतली!

हेल्मेटचा दिवा धरून उभा असलेला मोतालेब
वाकून बघतो. सिल्हेटचा पोरगा, बावीस-तेवीसचा.
दादा, म्हणतो, वरचे आठ नाहीत.
आमच्यात चार असा काढतात.
चारशे नि चारशे. बरोबर आहे.

बोगद्यात पंखा फिरत होता कुठेतरी.

सतरा वर्षं तो हिशोब बरोबर होता
निळ्याच्या मागे.
कुणाचे चारशे, कुठल्या महिन्याचे,
दुसरे चारशे भावाचे की उसने,
मला नाव आठवत नाही. चेहराही नाही.
ओरडलो असेन त्याच्यावर, एवढं नक्की.

सातवा नमुना लावला. दिवा वरून, बाजूने, खालून.
चांगला दिसला, खरं सांगायचं तर.
उद्या शेरीफ जिंकेल बहुतेक.
वहीत लिहिलं: भिंत तीनशे बारा चौरस मीटर,
तुटीचे पाच टक्के वेगळे.
बाक: निर्णय बाकी.

चारला दहा कमी. वीज परत यायची वेळ.
चला, म्हणालो, हत्यारं मोजून घ्या.
मोतालेब अजून खांबामागेच होता.
काय करतोयस, विचारलं.
काही नाही दादा, म्हणाला,
आणि पेन्सिल कानावर ठेवली.